लघु विद्युत मोटर आणि 'अखंड' चालण्याची संकल्पना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
हौशी ड्रोनमधील मोटर एका उड्डाणात साधारणतः पाच ते वीस मिनिटे फिरते. बॅटरी संपते आणि मोटरला सक्तीची विश्रांती मिळते. अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांच्या कार्यशाळांत मात्र हीच स्वस्त मोटर सेंट्रिफ्यूज, धूर ओढणारा पंखा किंवा लहान पंप यांसाठी तासन् तास चालविली जाते आणि अनेकदा जळते. दोष बहुधा मोटरच्या दर्जाला दिला जातो. वस्तुतः या अपयशामागे एक इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

दोन घराणी :
खेळण्यातील ड्रोनची पेन्सिलीएवढ्या जाडीची मोटर ज्या घराण्यातील आहे, त्याचे मूळ जर्मन अभियंता फ्रिट्झ फाउलहाबर यांनी 1958 च्या सुमारास सिद्ध केलेल्या, लोखंडी गाभा नसलेल्या वेटोळ्यात आहे. गाभा गेल्यामुळे रोटर हलका झाला व क्षणात वेग घेऊ लागला. परंतु उष्णता सामावून घेणारे लोखंडही त्याबरोबरच गेले. पेजर आणि मोबाइल संचातील कंपनासाठी, म्हणजे दोन-चार सेकंदांच्या कामासाठी, ही रचना सोयीची ठरली. पूर्ण भाराने चालविल्यास तिचे ब्रश व दिक्परिवर्तक काही तासांतच झिजतात. अखंड कामासाठी हे घराणे बाद समजावे हे बरे.

दुसरे घराणे ब्रशविरहित मोटरचे. टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांनी 1962 मध्ये अर्धवाहकांच्या साहाय्याने दिक्परिवर्तन करणाऱ्या मोटरवरील निबंध मांडला. पुढे जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी 1980 च्या दशकाच्या प्रारंभी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक विकसित केले. मूठभर आकाराच्या मोटरमध्ये मोठी शक्ती सामावणे त्यामुळे शक्य झाले. 2000 नंतरच्या काही वर्षांत विमानांच्या प्रतिकृती उडविणाऱ्या हौशी मंडळींनी संगणकाच्या सीडी ड्राइव्हमधील मोटर सोडवून, त्यांवर जाड तार गुंडाळून व नवे चुंबक बसवून त्या हवेत नेल्या. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. सीडी ड्राइव्हची मोटर अल्प भारावर दीर्घकाळ चालणारी होती. हौशी मंडळींनी तिला अल्पकाळ पण पराकोटीच्या भाराला जुंपले. आजचा विद्यार्थी तिच्या वंशजाला पुन्हा दीर्घ कामावर आणतो, परंतु भाराची अपेक्षा मात्र उड्डाणाचीच ठेवतो.

उष्णतेचे गणित :
व्ही. एम. मॉन्टसिंगर यांनी 1930 मध्ये रोहित्रांच्या अभ्यासातून दाखविले की, तापमान दर 8 अंश सेल्सिअसने वाढले की निरोधक आवरणाचे आयुष्य निम्मे होते. थॉमस डॅकिन यांनी 1948 मध्ये या ठोकताळ्याला रासायनिक अभिक्रियांच्या वेगाचा सैद्धांतिक आधार दिला. यंत्राची क्षमता हा निव्वळ आकडा नसून तापमान व काळ यांच्याशी बांधलेला करार आहे, ही जाणीव औद्योगिक मानकांतही दिसते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या 60034-1 या मानकात अखंड कार्यासाठी 'एस1' आणि अल्पकालीन कार्यासाठी 'एस2' असे निरनिराळे वर्ग आहेत. ड्रोन मोटरच्या माहितीपत्रकात मात्र 'कमाल अखंड प्रवाह' या शब्दांपुढे अनेकदा '180 सेकंद' असे छापलेले आढळते. अखंड या शब्दाची ही व्याख्या कोणत्याही गिरणी-कामगाराला विनोदी वाटली असती.

उड्डाणात पात्यांचा झोत मोटरला सतत थंड ठेवतो. बंद पेटीत हा झोत नसतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, म्हणजे तापमान 100 अंशांनी चढल्यास तोच प्रवाह सुमारे 40 टक्के अधिक उष्णता निर्माण करतो. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे आपले काही चुंबकत्व कायमचे गमावू लागतो. मग तेवढ्याच पीळबलासाठी अधिक प्रवाह लागतो व मोटर आणखी तापते. या दुष्टचक्रातून सुटण्याचा मार्गही त्याच गणितात आहे. प्रवाह निम्मा केला की तांब्यातील उष्णता चौथाईवर येते.

याचा पुरावा भारतीय घरांच्या छतालाच टांगलेला आहे. ब्रशविरहित छतपंख्यातही चुंबक बाहेरच्या फिरत्या भागात असतात, जसे ड्रोनच्या अनेक मोटरमध्ये असतात. जुन्या पंख्याच्या सुमारे 75 वॅटऐवजी तो 30 वॅटच्या आसपास वीज घेतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही अहोरात्र फिरतो. तत्त्व एकच, मात्र तेथे तांबे व लोखंड सढळ हाताने वापरलेले असून वेग मिनिटाला तीन-चारशे फेऱ्यांचाच असतो.

विद्यार्थी-प्रकल्पांच्या परीक्षणात हा भेद सहसा उघड होत नाही, कारण प्रात्यक्षिक जेमतेम दहा मिनिटांचे असते. म्हणजे एका उड्डाणाएवढेच. वेटोळे झटपट तापते, पण मोटरचे कवच, बेअरिंग आणि पेटीतील कोंडलेली हवा तापण्यास त्याहून बराच अधिक वेळ लागतो. तोवर गुणपत्रिकेवर स्वाक्षरी झालेली असते.