जंगम माणूस, स्थावर झाड

इतिहास शिकताना चेटकाच्या कथांना आपण सहसा दाराबाहेरच उभं करतो. आज एकीला आत घेऊ.

चार्ल्स चेस्नट या आफ्रिकी-अमेरिकी लेखकाची ‘पो सँडी’ ही कथा १८८८ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आली आणि पुढे १८९९ मध्ये ‘द कॉन्ज्युअर वुमन’ या संग्रहात. सँडी नॉर्थ कॅरोलायनातल्या मळ्यावरचा गुलाम. कामाला इतका वाघ, की मालकाची मुलं त्याला आळीपाळीनं उसना नेतात. एकदा परत येतो, तर बायको दुसऱ्या बाईच्या बदल्यात देऊन टाकलेली! मालक समजूत काढायला एक डॉलर देतो. (तो एक डॉलर शंभर कागदपत्रांपेक्षा जास्त सांगतो, असं आम्हांला वाटतं.) ती नवी बाई टेनी, तीच पुढे त्याची बायको होते. ती चेटूक जाणते. सँडी म्हणतो, झाड असतो तर एका जागी तरी राहिलो असतो. टेनी त्याला झाड करते.

आता बघा, तिथल्या कायद्यात गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता. हलवा, विका, गहाण टाका. टेनीची जादू त्याला स्वतंत्र करत नाही, फक्त स्थावर करते. एवढीच मागणी, आणि तीही पुरी होत नाही. टेनीला दुसरीकडे कामाला धाडतात, तेवढ्यात मालकाला स्वयंपाकघरासाठी लाकूड हवं होतं, म्हणून झाड तोडलं जातं. ती परत येते, तेव्हा गिरणीत तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या फळ्या पाडल्या जातात.

मग अशी जादू काय कामाची? मळेवाल्यांना विचारा. जमैकात १७६० च्या उठावानंतर ‘ओबिया’ या मंत्रविद्येविरुद्ध त्यांनी कायदाच केला. फ्रेडरिक डग्लसलाही मार चुकवण्यासाठी एक मुळी खिशात बाळगायला मिळाली होती. तिच्यावर त्याचा धड विश्वास नव्हता, तरी तो मारकुट्या कोव्हीशी दोन हात करून मोकळा झाला.

चेस्नटचं पुस्तक आलं, त्याच्या काही महिनेच आधी त्याच राज्यात, विल्मिंग्टनला, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं काळ्यांना ठार मारून निवडून आलेलं नगर प्रशासन उलथवलं होतं. कथा सांगणारा म्हातारा ज्युलियस हा गुलामगिरीतून सुटलेला माणूस. ऐकणारं जोडपं गोरं, उत्तरेकडून येऊन मळा घेतलेलं. सँडीच्या फळ्यांची म्हणून जी जुनी शाळा तो दाखवतो, ती पाडून त्यांना स्वयंपाकघर बांधायचं असतं. कथा ऐकून बाई ते लाकूड नको म्हणते.

पुढे त्या शाळेत ज्युलियसच्या चर्चमधली मंडळी जमू लागतात.