तक्रार एकाची, दोष दुसऱ्याचा

२०१८च्या नोव्हेंबरात लिनक्सवाल्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. मशीन नीट चालू असायचं आणि अचानक फाइल्स बिघडायच्या. कुणाची डिस्क फक्त वाचण्यापुरती उरायची, कुणाला सगळी सिस्टिम पुन्हा टाकावी लागायची. समान धागा एकच, २२ ऑक्टोबरला आलेला ४.१९ हा नवा कर्नेल. पडद्यावर नाव उमटायचं एक्स्ट४चं, म्हणजे फाइल सिस्टिमचं. साहजिकच सगळ्यांचा संशय तिच्यावर.

एक्स्ट४ सांभाळणाऱ्या टेड त्सो यांच्याकडे मात्र बिघाड होतच नव्हता. 'माझ्याकडे तर चालतंय' हे ऐकून कुणालाही राग येतो, पण या वेळी ते खरं होतं.

फाइल सिस्टिमच्या खाली ब्लॉक लेयर असतो आणि त्याच्याखाली डिस्कचा ड्रायव्हर. आता समजा, शहापूर-मुरबाडकडे भातखरेदीचे दिवस आहेत. टेम्पोत २० पोती भरली, २०चं चलन फाडलं. गोदामात जागा नाही म्हणून टेम्पो परत येऊन रांगेत उभा राहिला. तिथे कुणीतरी आणखी ५ पोती त्यातच टाकली. चलन जुनंच. गोदामवाला चलन बघून २० उतरवणार आणि इकडे वहीत २५ पोचल्याची नोंद होणार.

४.१९मध्ये नेमकं हेच घडत होतं. वेग वाढावा म्हणून मागणी रांगेत न लावता थेट ड्रायव्हरकडे द्यायचा बदल झाला होता. डिस्क कामात असली की मागणी परत यायची, पण तोवर स्कझी थराने तिचे मेमरीचे तक्ते बनवलेले असायचे. मग रांगेत शेजारची दुसरी मागणी तिला जोडली जायची. तक्ते जुनेच असल्याने काम फक्त मूळ तुकड्याचं व्हायचं, बाकीच्या जागी कचरा. आलेला माल तपासून घेणारी एक्स्ट४च. म्हणून ओरडायची ती आणि बोलणीही तीच खायची.

हा योग जुळायला डिस्कचा शेड्युलर 'नन'वर असणं आणि डिस्कवर चांगला ताण असणं लागायचं. म्हणूनच शोध जिकिरीचा. ४.१८ आणि ४.१९च्या मध्ये हजारो बदल. ते अर्ध्यात कापायचे, मधला कर्नेल बनवून चालवायचा, बिघाड आला तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही तर नंतरच्या. १६ हजार बदल असले तरी १४ फेऱ्यांत उत्तर मिळतं. पण बिघाड कधीतरीच दिसत असेल, तर 'हा कर्नेल चांगला' असं म्हणायला किती तास थांबायचं? एक निकाल चुकला की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया. अखेर काही वापरकर्त्यांनीच चिकाटीने हे केलं आणि बोट ब्लॉक लेयरवर येऊन थांबलं.

ब्लॉक लेयर सांभाळणारे येन्स अॅक्सबो यांनी डिसेंबरात दुरुस्ती दिली. परत आलेली मागणी वेगळ्या यादीत ठेवायची, जिथे तिला दुसरं काही जोडताच येत नाही. ४.१९.८मध्ये ती आली.

२०२०-२१च्या कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये ४.१९ मालिकेचाच कर्नेल आहे. आसनगाव लोकलमध्ये किंवा मुरबाडच्या एसटीत बसल्याबसल्या सेटिंग्जमध्ये 'कर्नेल व्हर्जन' उघडून बघा. ४.१९ दिसलं, तर त्यापुढचा आकडा ८च्या बराच पुढे गेलेला असेल.