वेल्सचे १९६२ : एका भाषेच्या जागरणाचे वर्ष

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी वेल्समधील नभोवाणी केंद्रावरून एका वृद्ध साहित्यिकाचे व्याख्यान प्रसारित झाले. व्याख्याते होते सॉण्डर्स लुइस, वय ६८. विषय होता वेल्श भाषेचे भवितव्य. बीबीसीचे ते वार्षिक व्याख्यान होते आणि सार्वजनिक जीवनातून बाजूस झालेल्या या नाटककाराकडून श्रोत्यांनी फार तर एखाद्या विद्वत्तापूर्ण विवेचनाची अपेक्षा केली असेल. प्रत्यक्षात त्या एका व्याख्यानाने वेल्सच्या पुढील साठ वर्षांना वळण लावले. व्याख्यातेही आमच्याच ख्रिस्तसभेचे सदस्य, आणि त्यांनी मांडलेला प्रश्न आज आमच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेला. म्हणून त्या वर्षाची हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

सॉण्डर्स लुइस यांचा जन्म १८९३ सालचा. वडील कॅल्विनपंथी मेथडिस्ट उपदेशक. १९२५ साली वेल्सचा राष्ट्रीय पक्ष, म्हणजे पुढे ‘प्लाइड कम्री’ या नावाने ओळखला गेलेला पक्ष, स्थापन करणाऱ्यांत ते होते. १९३२ साली त्यांनी कॅथॉलिक श्रद्धेचा स्वीकार केला. प्रॉटेस्टंट चॅपेलांच्या त्या देशात हे पाऊल लोकप्रियता वाढविणारे खासच नव्हते. १९३६ साली पेनबर्थ येथील लष्करी विमान प्रशिक्षणतळाच्या बांधकामास त्यांनी दोन सहकाऱ्यांसह आग लावली आणि आपण होऊन पोलिसांपुढे जाऊन ते कबूल केले. त्या दोघांपैकी एक बाप्टिस्ट पाळक होते, दुसरे शाळाशिक्षक. तिघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि लुइस यांची स्वान्झी येथील प्राध्यापकाची नोकरी गेली. असा मनुष्य १९६२ साली बोलावयास उभा राहिला तेव्हा त्याच्यापाशी गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते.

१९६१ च्या जनगणनेतील भाषाविषयक आकडे अद्याप प्रसिद्ध व्हावयाचे होते. ते आकडे धक्का देतील, असे लुइस यांनी आधीच सांगून टाकले. पुढे तसेच घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधील सुमारे निम्मी प्रजा वेल्श बोलत असे. १९५१ मध्ये हे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवर आले आणि १९६१ मध्ये २६ टक्क्यांवर. हाच ओघ चालू राहिला तर एकविसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास वेल्श ही जिवंत भाषा म्हणून संपुष्टात येईल, असे त्यांचे भाकीत होते. त्यांनी इतिहासाचा धागा १५३६ च्या कायद्यापर्यंत नेला. त्या कायद्याने वेल्स इंग्लंडमध्ये विलीन झाले आणि न्यायालयाची व कारभाराची भाषा इंग्रजी ठरली. १८४७ साली वेल्समधील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी आलेल्या, वेल्श न जाणणाऱ्या इंग्रज आयुक्तांनी या भाषेला प्रगतीतील अडथळा ठरविले. शाळेत वेल्श बोलताना आढळलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविण्याची प्रथा त्या शतकात अनेक ठिकाणी होती.

परंतु व्याख्यानाचा गाभा गतकाळात नव्हता. तो होता लानगेनेख गावच्या एका खाणकामगाराच्या घरात. ट्रेव्हर बीझ्ली आणि त्यांच्या पत्नी आयलीन यांनी १९५२ पासून एकच मागणी लावून धरली होती : आमच्या घरपट्टीचे मागणीपत्र आम्हांला वेल्शमध्ये द्या. लानेल्ली ग्रामीण जिल्हा परिषदेने नकार दिला. पतिपत्नींनी पट्टी भरली नाही. डझनाहून अधिक वेळा त्यांना न्यायालयात उभे करण्यात आले. बेलीफ आले आणि घरातील सामान, पियानोसुद्धा, उचलून घेऊन गेले. अखेर १९६० साली द्विभाषिक मागणीपत्र त्यांच्या हाती पडले. एका कागदाच्या तुकड्यासाठी आठ वर्षे! लुइस यांनी श्रोत्यांच्या नजरेस आणून दिले की, तो परिसर बहुसंख्येने वेल्शभाषी होता आणि त्या परिषदेत बसणारेही वेल्शच बोलणारे होते. म्हणजे मार्ग अडविणारा परका इंग्रज नव्हता. घरी, बाजारात आणि चॅपेलात वेल्श बोलणारा शेजारीच कचेरीच्या खुर्चीत बसला की इंग्रजीचा पहारेकरी होत होता.

बीझ्ली दांपत्याचा हा आदर्श सर्वांनी गिरवावा, वेल्शविना कोणताही स्थानिक वा मध्यवर्ती कारभार चालणे अशक्य करून सोडावे, असे लुइस यांनी आवाहन केले. हा हौशी मंडळींचा उद्योग नव्हे. जेथे वेल्शभाषी लोक भरपूर आहेत तेथे पद्धतशीरपणे चालवावयाची ही चळवळ आहे, असे त्यांनी बजावले. स्वराज्यापेक्षाही भाषेचा प्रश्न त्यांना मोठा वाटत होता.

हे आवाहन मुख्यतः त्यांच्याच जुन्या पक्षासाठी होते. पक्षाला मात्र निवडणुकीचा मार्ग सोडवेना. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मॉन्टगोमरी मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. लिबरल पक्षाचे एम्लिन हूसन निवडून आले. प्लाइड कम्रीचे उमेदवार, कादंबरीकार इस्लविन फॉक एलिस, चौथ्या क्रमांकावर राहिले. याच एलिस यांनी १९५७ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली होती. तिचा नायक २०३३ सालच्या वेल्सची सफर करतो आणि एका संभाव्य भविष्यात त्याला वेल्श बोलणारी शेवटची म्हातारी भेटते. ऑगस्टमध्ये पोंटारडुलाइस येथे पक्षाचे उन्हाळी शिबिर भरले. तेथे काही तरुणांनी निराळा मार्ग धरला आणि ‘वेल्श भाषा समिती’ जन्मास आली. २ फेब्रुवारी १९६३ रोजी तिच्या सदस्यांनी अॅबरिस्टविथ येथील ट्रेवेखन पूल अडवून वाहतूक रोखली. पुढील दोन दशकांत या समितीच्या शेकडो तरुणतरुणींनी इंग्रजी नामफलक रंगविण्यापासून तुरुंगवासापर्यंत सारे काही केले.

त्या वर्षाच्या इतर घटनाही याच संदर्भात पाहाव्या लागतात. ट्रवेरिन खोऱ्यात लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरणाचे काम चालू होते. १९५७ च्या कायद्याच्या बाजूने एकाही वेल्श खासदाराने मत दिले नव्हते, तरीही तो संमत झाला होता. कापेल केलिन हे संपूर्ण वेल्शभाषी गाव, त्याची शाळा, टपालघर, चॅपेल आणि दफनभूमी या सर्वांवर पाणी यावयाचे होते. १९६५ साली ते आलेच. सप्टेंबर १९६२ मध्ये दोन तरुणांनी त्या बांधकामावरील विजेच्या रोहित्राची नासधूस केली. त्याच महिन्यात पश्चिम व उत्तर वेल्ससाठी स्वतंत्र दूरदर्शन कंपनीचे कार्यक्रम सुरू झाले. परंतु पैशाअभावी ती दीड वर्षही टिकली नाही. ऑक्टोबरमध्ये न्यूपोर्टजवळ लानवर्न येथील प्रचंड पोलाद कारखान्याचे उद्घाटन राणीच्या हस्ते झाले. कोळशाच्या खाणी बंद होत चाललेल्या असताना पोलाद हा आधार वाटत होता. आणि त्या रोजगाराची भाषा अर्थातच इंग्रजी होती. लानवर्नच्या झोतभट्ट्या २००१ साली विझल्या. ज्या भाकरीसाठी भाषा सोडावी लागते ती भाकरीही कायमची नसते, असे त्यावरून म्हणावेसे वाटते.

सांस्कृतिक क्षेत्रही निष्क्रिय नव्हते. राष्ट्रीय आइस्टेडफॉड, म्हणजे वेल्श काव्य-संगीताचा वार्षिक महोत्सव, त्या ऑगस्टमध्ये नेमका लानेल्ली येथेच भरला. १९५० पासून या महोत्सवाच्या मंचावर केवळ वेल्शला स्थान होते. कवीला मिळणाऱ्या सन्मानाच्या आसनाचे मानकरी ठरले कॅराडॉग प्रिचर्ड. हे गृहस्थ पोटासाठी लंडनच्या इंग्रजी दैनिकात काम करीत आणि मनासाठी वेल्शमध्ये लिहीत. केट रॉबर्ट्स यांची एक लघुकादंबरी याच वर्षी आली. तिची नायिका एका पाळकाची पत्नी असून तिची श्रद्धा हरवली आहे. पॉन्टिप्रीदजवळ रिडवेलेन येथे दक्षिण वेल्समधील पहिली वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा उघडली, तीही १९६२ मध्येच. ज्या खाणखोऱ्यांतून भाषा जवळजवळ हद्दपार झाली होती तेथील पालकांनी, आपल्याला जे मिळाले नाही ते मुलांना मिळावे म्हणून, ही शाळा भरविली.

केट रॉबर्ट्स यांच्या नायिकेपाशी आम्ही क्षणभर थांबतो. वेल्श भाषा टिकली ती मुख्यतः देवाच्या घरात, असे अनेक इतिहासकार मानतात. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले आणि कचेरीतून हाकललेल्या भाषेला व्यासपीठ मिळाले. कॅथॉलिकांचाही यात वाटा आहे. संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या मिलान नगरात आश्रय घेतलेल्या ग्रिफिथ रॉबर्ट्स या धर्मगुरूंनी १५६७ साली तेथे वेल्श व्याकरण छापले. वेल्सच्या भूमीवर छापलेले पहिले पुस्तक ‘द्रिख क्रिस्टियोनोगॉल’ हे छळाच्या काळात कॅथॉलिकांनी एका गुहेत लपून सुमारे १५८७ साली छापले. त्यापूर्वी, १५८४ मध्ये, वेल्शमध्ये पद्यरचना करणारे शाळाशिक्षक संत रिचर्ड ग्विन रेक्सम येथे हुतात्मा झाले होते. त्याच छळाच्या काळात इंग्लंड सोडलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत प्रसिद्ध झाले. लोकांची भाषा ही श्रद्धेची भाषा झाली पाहिजे, हा एकच विचार त्या काळी गुहेतील छापखान्यात आणि राशोलच्या मठात काम करीत होता.

तथापि विसाव्या शतकात चॅपेले ओस पडू लागली आणि केवळ चॅपेलात राहिलेली भाषा निराधार झाली. प्रार्थना वेल्शमध्ये, परंतु पगार, कर, न्याय आणि शाळा इंग्रजीत, अशी विभागणी झाली की मुले कोणती भाषा निवडणार हे ठरलेलेच असते. बीझ्ली दांपत्याने हे ओळखले होते; म्हणून त्यांनी आपला लढा एका क्षुल्लक, नीरस सरकारी कागदावर उभारला.

योगायोग असा की, ११ ऑक्टोबर १९६२ रोजी रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेला आरंभ झाला. १९६३ च्या डिसेंबरात उपासनाविषयक संविधानाने लोकभाषांना वेदीचा मार्ग खुला केला. मराठी मिस्सा हे आम्हांस त्याचेच वरदान होय. परंतु वेदीवर मराठी स्थिर झाली त्याच दशकांत आमच्या धर्मग्रामांतील घरांतून ती मागच्या दाराने बाहेर पडू लागली, आणि सामवेदी, वाडवळी या बोली तर तिच्याही आधी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक शिफारसपत्र मागावयास येतात. आम्ही ते देतो, आणि बहुधा इंग्रजीतच लिहितो. त्यांची चिंता खरी आहे. नोकरीच्या बाजारात त्या मुलाला उभे राहावयाचे आहे, हेही खरे आहे. तरी लानेल्लीच्या परिषदेतील त्या वेल्शभाषी सदस्यांविषयी वाचताना आमची मान खाली गेली. रविवारी मराठीत प्रवचन करून सोमवारी इंग्रजीत शिक्का उमटविणारे आम्ही त्यांच्याहून फार वेगळे नाही.

लुइस यांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले नाही. १९६७ व १९९३ च्या कायद्यांनी वेल्शला कारभारात स्थान दिले, १९८२ साली वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली, आणि २०११ पासून वेल्समध्ये या भाषेला अधिकृत दर्जा आहे. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे १७.८ टक्क्यांनी, आपण वेल्श बोलतो असे नोंदविले. टक्केवारी १९६१ पेक्षा कमीच आहे, आणि २०५० पर्यंत दहा लाखांचा आकडा गाठण्याचे वेल्श शासनाचे उद्दिष्ट कितपत साध्य होईल ही शंकाच आहे. परंतु जी भाषा तोवर मेली असती ती आज शाळेत शिकविली जाते, न्यायालयात बोलली जाते आणि कराच्या कागदावर छापली जाते.

लढा द्यावा असे आम्ही वाचकांस सुचवीत नाही; मराठी ही राज्यभाषा आहे, तिला कोणी बंदी घातलेली नाही. म्हणूनच तिच्या ऱ्हासाचा दोष आम्हांला दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. आमच्या कार्यालयातील बाप्तिस्म्याचे व विवाहाचे अर्ज आजवर इंग्रजीत छापले जात होते. येत्या प्रभू-आगमनकाळापासून ते मराठीतही छापून घेण्याचे आम्ही ठरविले आहे. काम लहान आहे. बीझ्ली दांपत्याचा कागदही लहानच होता.