चार डोळ्यांचा साक्षीदार

६ जून १८३२. मुंबईच्या कोटात पोलिसांची माणसे भटकी कुत्री मारत हिंडत होती. नियम जुनाच होता. वर्षातल्या ठरावीक दिवसांत तो अमलात येई. त्या वर्षी सरकारने मुदत वाढवली. शिवाय कुत्र्यामागे बक्षीस असल्याने शिपाई लोकांच्या आवारातही शिरतात, अशी ओरड होती. त्यात तो दिवस पारशांना पवित्र. जमावाने पोलिसांना गाठून मारले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशांना इतर समाजांचीही साथ मिळाली. छावणीची रसद अडली. मग फौज आली आणि धरपकड झाली.

एरवी इंग्रजांशी जुळवून घेणारा हा व्यापारी समाज कुत्र्यासाठी रस्त्यावर का उतरला?

पारशी अंत्यविधीत मृतदेहासमोर कुत्रा आणण्याची चाल आहे. तिचे नाव ‘सगदीद’. ‘सग’ म्हणजे कुत्रा, ‘दीद’ म्हणजे पाहणे. प्राण खरोखर गेला की नाही, हे कुत्र्याला कळते, असा या विधीचा एक अर्थ सांगितला जातो. वेंदिदादमध्ये हा कुत्रा ‘चार डोळ्यांचा’ आहे. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, असा त्याचा उलगडा अभ्यासकांनी केला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले यमाचे कुत्रेही चार डोळ्यांचेच. इराणी आणि वैदिक परंपरांच्या सामायिक भूतकाळाची ही खूण मानता येते.

आजचे शास्त्र सांगते, कुत्र्याला निळ्या-पिवळ्या छटा दिसतात, तांबडा-हिरवा भेद फारसा कळत नाही. जग तो मुख्यतः नाकाने ओळखतो. तेव्हा सगदीदमध्ये माणसाने ज्या नजरेवर विश्वास टाकला, तिच्यात घ्राणेंद्रियाचा वाटा मोठा असणार.

हे नाते मरणापुरते नव्हते. जेवणातला ‘कुत्रानो बूक’, म्हणजे कुत्र्याचा घास, बाजूला काढण्याची पारशी घरांत रीत होती. दाराशी येणारा हा कुत्रा कोणाच्या मालकीचा नसला, तरी घरच्या अन्नात त्याचा वाटा होता. सरकारी वर्गवारीत मात्र दोनच खाने होते: पाळीव आणि बेवारस. घासाचे नाते या दोहोंत बसत नव्हते. १८३२चा दंगा या न बसण्यातून पेटला.

पुढे जमशेदजी जीजीभाई आदी प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. जीव वाचला, गल्ली सुटली. घराशी जोडलेला कुत्रा घरापासून तोडला, तर त्याचे उरते काय, हा प्रश्न त्या तडजोडीने सोडवला नाही.

२००१च्या केंद्रीय नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्र्याला जिथून उचलले तिथेच सोडण्याची तरतूद केली. चावा आणि रेबीज यांची भीती खरी आहे. त्यावरून वाद आजही कोर्टात जातात. पण मालक नसलेल्या कुत्र्यालाही आपला ठिकाणा असतो, एवढे कायद्याच्या कागदावर यायला दंग्यानंतर १६९ वर्षे लागली.