खालसा झालेले मैल : मेहेरबानी की मालमत्ता?



विमानानं वरचेवर जाणाऱ्या माणसाच्या खात्यावर कंपनी 'पॉइंट' किंवा 'मैल' जमा करते, आणि पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट मिळतं, हे आता कोडोलीत समजावून सांगायची गरज राहिलेली नाही. वारणेकाठच्या उसाच्या बिलांवर शिकलेली पोरं आज पुण्या-बंगळुरात आहेत, आखातात आहेत, अमेरिकेत आहेत. घरटी एखादं तरी असं खातं निघेल. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो माणूस वारला, तर त्या पॉइंटांचं काय होतं?

प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. माणसाला जे मिळतं ते कधी त्याच्या हक्काचं असतं आणि कधी देणाऱ्याच्या मेहेरबानीचं? हक्काचं असेल तर ते वारसाकडे जातं. मेहेरबानी असेल तर ती माणसाबरोबर संपते. हे ठरवायचं कोणी, यावर आपल्याच मुलखात राज्यं गेली आहेत.

आधी आजची स्थिती पाहू. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली ती अमेरिकन एअरलाइन्सनं, १ मे १९८१ रोजी. मग जगभर पसरली. आपल्याकडे जेट एअरवेजची होती, एअर इंडियाची आहे. बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत कुठंतरी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही, ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, कंपनी ते केव्हाही रद्द करू शकते. सदस्य वारला की काही कंपन्या खातं सरळ बंद करतात. काही कंपन्या मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन पॉइंट वारसाच्या खात्यावर वळवतात, पण तेही 'आमच्या मर्जीनुसार' असं म्हणून. हा 'मर्जी' शब्द लक्षात ठेवा.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ आखातात नोकरीला होते. वीस-बावीस वर्षं ये-जा केली. ते अचानक गेले. मुलगा परदेशात, त्याला वर्षश्राद्धाला यायचं होतं. वडिलांच्या खात्यावर दोन तिकिटांपुरते पॉइंट होते. वहिनींनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, शोक व्यक्त करणारं, अगदी सभ्य भाषेतलं, की सदस्यत्व सदस्याच्या निधनाबरोबर संपतं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तिकिटाचे पैसे तर ह्यांनीच भरले होते ना?" तत्त्वज्ञानात पीएचडी केलेल्या माणसाला सहजासहजी उत्तर देता येऊ नये, असा हा प्रश्न आहे.

आता याच्या शेजारी आपल्या ओळखीची एक गोष्ट ठेवून बघा. साखर कारखान्याचा शेअर. सभासद वारला तर काय होतं? शेअर बुडत नाही. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम ३० आहे. त्यानुसार सभासदाचा हिस्सा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर होतो. नामनिर्देशन नसेल तर वारसाच्या नावावर. आणि वारस सभासद झाला की सभासदाला सवलतीत मिळणारी दिवाळीची साखरही त्याच्या दारात येते. म्हणजे बघा, सवलत व्यक्तीला चिकटलेली नाही, शेअरला चिकटलेली आहे. विमान कंपनीनं नेमकं उलटं केलंय. सवलत व्यक्तीला चिकटवली आणि मूळ हिस्सा नाहीच म्हणून सांगितलं.

हा डाव नवा नाही. १८१९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला. त्यात राज्य महाराजांना आणि त्यांच्या वारसांना दिलं होतं. पुढं १८३९मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केलं आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब वारले. औरस मुलगा नव्हता, पण मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आता 'वारस' या शब्दात दत्तक येतो की नाही? आपल्या धर्मशास्त्रानं येतो. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचंही मत होतं की राज्य खालसा करू नये. पण लॉर्ड डलहौसीनं म्हटलं की आमच्या संमतीशिवाय घेतलेला दत्तक राज्याचा वारस होत नाही. सातारा खालसा झालं. शब्द तहातला होता, त्याचा अर्थ लावायचा अधिकार मात्र एकाच पक्षानं आपल्याकडे ठेवला. आजच्या नियमावल्यांत 'अंतिम निर्णय कंपनीचा राहील' असं वाक्य असतं. ते वाचताना मला डलहौसी आठवतो.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाला याहून जवळचं आहे. १८१८च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा ठरला. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव बिठूरला वारले, आणि तनखा बंद झाला. कंपनी सरकारचं म्हणणं, तो व्यक्तिगत होता. दत्तक पुत्र नानासाहेबांनी लंडनपर्यंत दाद मागितली, अझीमुल्ला खानला तिकडे पाठवलं. त्यांच्या अर्जातला मुद्दा फार नेमका होता. हा तनखा भीक नाही, राज्य सोडल्याचा मोबदला आहे, आणि मोबदला घेणाऱ्याच्या मृत्यूनं संपत नाही. अर्ज फेटाळला गेला. पुढं १८५७ला काय झालं ते आपण जाणतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. नानासाहेबांची व्यथा आणि वहिनींची व्यथा मी एका मापानं मोजत नाही. राज्य कुठं आणि दोन तिकिटं कुठं! पण युक्तिवादाचा सांगाडा एकच आहे. देणारा म्हणतो, "मी प्रसन्न होऊन दिलं." घेणारा म्हणतो, "मी त्याची किंमत मोजली."

आणि नियम बदलला की काय होतं तेही आपल्याच कोल्हापूरनं पाहिलंय. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. तिथं आजही त्यांचं स्मारक आहे. त्यांनाही मुलगा नव्हता. पण कोल्हापूर खालसा झालं नाही, गादीवर दत्तक आला. का? कारण मधल्या काळात १८५७ घडलं होतं, आणि लॉर्ड कॅनिंगच्या कारकिर्दीत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या होत्या. पुढं १८८४ साली याच वाटेनं राजर्षी शाहू महाराज गादीवर आले. सातारा आणि कोल्हापूर यांच्यात अंतर बावीस वर्षांचं. राजा निपुत्रिक गेला ही स्थिती तीच, पण निकाल उलटा. म्हणजे ही निसर्गाची आज्ञा नव्हती, माणसानं केलेला नियम होता. माणसानं केलेला नियम माणूस बदलू शकतो.

बरं, मालमत्ता म्हणजे तरी काय? इथं आपला विज्ञानेश्वर उपयोगी पडतो. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, त्यानं याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. दायविभागाच्या आरंभी तो विचारतो, स्वत्व, म्हणजे 'हे माझं' असणं, शास्त्रानं कळतं की लोकव्यवहारानं? त्याचं उत्तर आहे, लोकव्यवहारानं. ज्यांनी शास्त्राचं तोंडही पाहिलेलं नाही असे सीमेवरचे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात. त्यांना माझं-तुझं कळतं. हा विचार जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचा आहे, बरं का.

ही कसोटी पॉइंटांना लावा. कंपनीच्या शास्त्रात, म्हणजे नियमावलीत, ते मालमत्ता नाहीत. लोकव्यवहारात? बँका आपल्या क्रेडिट कार्डाच्या गिऱ्हाइकांना देण्यासाठी विमान कंपन्यांकडून पॉइंट रोख पैसे मोजून विकत घेतात. २०१४मध्ये एतिहादनं जेटच्या पॉइंट चालवणाऱ्या कंपनीतला ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरला घेतला. २०१९च्या १७ एप्रिलला जेटची विमानं थांबली, पण ती पॉइंटांची कंपनी नाव बदलून चालूच राहिली. विमान नव्हतं, पॉइंट होते! २०२०च्या महामारीत युनायटेड एअरलाइन्सनं आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टानं ९ अब्ज. आता हिशेबाचे जाणकार म्हणतील, "सर, तारण ठेवलं ते योजनेचं उत्पन्न. सदस्याच्या खात्यावरचा पॉइंट कंपनीच्या लेखी देणं आहे." अगदी बरोबर. माझा मुद्दाही तोच आहे. आजच्या लेखा मानकांप्रमाणे तिकिटाच्या पैशातला काही भाग पॉइंटांपोटी बाजूला काढून कंपनीला देणं म्हणून दाखवावा लागतो. म्हणजे कंपनीची वहीच सांगते की गिऱ्हाइकानं पॉइंटांचे पैसे भरलेत. आणि पॉइंट बुडाले की ते देणं उत्पन्नात वळतं. देणं ज्याचं लागतो तो मेला, म्हणून देणं माफ, असं सावकारसुद्धा म्हणत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच आहे.

कायदा अशा बाबतीत हळूहळू सरकतो. सरकारी नोकराची पेन्शनसुद्धा एके काळी मेहेरबानीच समजली जायची. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पेन्शन ही मर्जीवर अवलंबून नाही, तो हक्क आहे आणि मालमत्ता आहे. १७ डिसेंबर १९८२च्या नकारा निकालानं ते पक्कं केलं. माझ्यासारखे इथं बसलेले पुष्कळ पेन्शनर त्या दिवसाचे ऋणी आहेत. पॉइंटांच्या बाबतीत २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक दार किलकिलं आहे. एकतर्फी, अन्यायकारक कराराची व्याख्या त्यात आली आहे आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. दोन तिकिटांसाठी तिथवर कोण जाणार, हा प्रश्न आहेच. कंपनी त्याच भरवशावर असते.

नामनिर्देशनाबद्दलही थोडं बोलतो, कारण गोंधळ फार आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २०१३मध्ये गेले. त्यांच्या कुटुंबातला शेअर आणि म्युच्युअल फंडांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३मध्ये निकाल आला की नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. ती वारसांच्या वतीनं माल सांभाळते. बँकेतली ठेव दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारसाला ती नंतरही मागता येते. पॉइंटांना मात्र बहुधा नामनिर्देशन नाही आणि अशी थांबून राहणारी तिजोरीही नाही. मुदत संपली की संपलं.

मग करायचं काय? सातबारा, पासबुक, विमा यांची यादी आपण घरात ठेवतो, त्यात या खात्यांची नोंद करा. कुटुंबाचं एकत्र खातं करायची सोय असेल तर हयातीतच करा. साठवून ठेवू नका, वापरा. आईला एकदा विमानात बसवा. माणूस गेल्यावर त्याचा पासवर्ड वापरून गुपचूप तिकिटं काढू नका. तो कराराचा भंग ठरतो आणि अंगाशी येऊ शकतो. त्याऐवजी नियमावली वाचा, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडून लेखी मागणी करा, आणि खातं बंद करण्याआधी करा. पहिल्या नकारावर थांबू नका, वरच्या अधिकाऱ्याला लिहा. मर्जी आहे म्हणतात ना, मग ती वापरायला तरी लावा.

आणि अर्ज लिहिताना 'कृपया सवलत मिळावी' असं लिहू नका. 'माझ्या पतीनं मोबदला देऊन मिळवलेले पॉइंट वारस म्हणून माझ्या नावावर करावेत' असं लिहा. अर्ज मान्य होईलच असं नाही. नानासाहेबांचाही झाला नव्हता. पण मागणी हक्काच्या भाषेत कुणीतरी लेखी मांडल्याशिवाय ती पुढं हक्क म्हणून उभी राहत नाही. वहिनींनी दुसरं पत्र तसं लिहिलंय. उत्तर अजून यायचंय.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.