गोपाळ आणि त्याची जुगुप्सा

गोपाळ म्हणजे गाई पाळणारा, हे शाळकरी पोरही सांगेल. आपण शेवटच्या 'ल'चा 'ळ' केला आणि शब्द मराठी झाला. हिंदीतला ग्वाला याच गोपाल शब्दाचा झिजलेला अवतार, आणि आपल्या जुन्या काव्यातला गोवळही तोच.

गंमत आहे ती त्याच्या धाकट्या भावाची, 'गोप' या शब्दाची. गाई राखणारा तो गोप. पण ऋग्वेदातच अग्नीला ऋताचा गोपा म्हटले आहे, म्हणजे गाई मागे पडून 'राखणारा' एवढाच अर्थ उरला होता. मग गोपावरून 'गोपायति', रक्षण करतो, असे क्रियापद झाले. वैयाकरणांनी 'गुप्' धातू मूळ मानून गोप त्यातून काढला असला, तरी आधुनिक भाषाशास्त्रज्ञ गंगा उलटी वाहवतात: आधी गुराखी, मग धातू. राखायचे ते झाकून ठेवावे लागते, म्हणून गुप्त आणि गोपनीय. आणि ज्याच्यापासून स्वतःला राखावे, दूर सरावे असे वाटते त्याची जुगुप्सा! तीही याच गोठ्यातली.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात गोपाळांची दाटीच होती. गोपाळ हरी देशमुख, गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले. तिघांना वेगळे करते ते मधले नाव, म्हणजे बापाचे नाव. (गोखल्यांच्या घरी तर कृष्णाच्याच पोटी गोपाळ!) पण लोकांना तेवढ्याने भागले नाही. पहिले झाले लोकहितवादी, दुसरे नुसते आगरकर, तिसरे नामदार गोखले. 'गोपाळ' हाक घरात राहिली.

यांतल्या देशमुखांनी नावाला जागून गोपन केले. 1848 पासून 'प्रभाकर' पत्रात शतपत्रे आली ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. शंभर म्हणता म्हणता पत्रे भरली 108. आगरकरांना असला पडदा मानवणारा नव्हता. 'केसरी' सोडल्यावर 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू सांभाळायला आले बाविशीतले गोखले. मराठीला एक गोपाळ, इंग्रजीला दुसरा. एका पत्राला दोन गुराखी क्वचितच लाभतात.

चौथे गोपाळ म्हणजे आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी. या गृहस्थांना गोपनीय हा शब्दच ठाऊक नसावा. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये त्यांनी प्रतिष्ठितांना जमवले. पाद्र्यांच्या घरचा चहा पुढे आला. कुणी प्यायला, कुणी नुसता शिवून ठेवला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावेच वर्तमानपत्रात छापून आणली. त्यांत रानडे होते, टिळक होते आणि आपले गोखलेही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. मला हे जोशी कधी सुधारक वाटतात, कधी निव्वळ खोडकर. बहुधा दोन्ही होते.

पाचवे नाव या पंगतीत सहसा घेतले जात नाही. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. त्यांच्या नावापुढे 'राव' नाही, 'बाबा' आहे; एकाच नावाला कोणाच्या घरी कोणते शेपूट लागते यावरही कुणीतरी सवडीने लिहायला हवे. त्यांच्या पुस्तिकेचे नाव 'विटाळविध्वंसन'. गाई राखणाऱ्याच्या शब्दातून जुगुप्सा निघाली, आणि त्याच नावाच्या माणसाने तिच्या सामाजिक रूपावर, विटाळावर, घाव घातला. हा योगायोगच, कारण बारशाला कुणी व्युत्पत्ती पाहत नाही.

पंचहौदचा चहा अजून चवीने सांगितला जातो. 'विटाळविध्वंसन' वाचलेला माणूस मात्र मला अवघा एक भेटला आहे.