बर्फाविना नाताळ : सुखांत प्रेमकथांचा गोडवा आणि मर्यादा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला, की गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच भरून जातात. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यांवर मुंबई-पुण्याची गर्दी उतरते. सुटीतल्या वाचनासाठी याच सुमारास पुस्तकांच्या दुकानांत एक विशिष्ट प्रकारची इंग्रजी कादंबरी समोर मांडलेली दिसते. मुखपृष्ठावर बर्फाने झाकलेले घर, खिडकीत पिवळा दिवा आणि दाराशी दोघे जण. नाताळची प्रेमकथा म्हणतात ती हीच.

तिचे कथानक बहुधा ठरलेले असते. महानगरात नोकरी करणारी नायिका नाताळच्या तोंडावर लहानशा गावी परतते. आजीची बेकरी किंवा जुने पुस्तकांचे दुकान बंद पडण्याच्या बेतात असते. गावातला सुतार, पशुवैद्य किंवा विधुर शेतकरी तिला मदत करतो. मध्येच एखादा गैरसमज उभा राहतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत तो मिटतो. शृंगार चुंबनापाशी थांबतो. दुकानही वाचते.

नाताळचा आणि कथावाङ्मयाचा संबंध जुना आहे. चार्ल्स डिकन्स यांचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले आणि सणाच्या हंगामात पुस्तके खपतात हे प्रकाशकांना उमगले. लंडनमध्ये १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिल्स अँड बून’ने पुढे प्रेमकथेला ठरावीक साचा आणि हमखास ग्राहक मिळवून दिला. अमेरिकेतील ‘हॉलमार्क’ वाहिनीने २००९ पासून दरवर्षी नाताळपटांची मालिकाच सुरू केली. या प्रवाहांच्या संगमातून आजची नाताळकथा घडली आहे.

आकर्षण कशाचे?

शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट वाचावी तरी का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू नये. श्रावणातल्या कहाण्या वर्षानुवर्षे त्याच शब्दांत ऐकल्या जातात आणि त्या ‘सुफळ संपूर्ण’ होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. तिथे उत्कंठेपेक्षा दिलाशाला महत्त्व असते. वर्षभर कार्यालय, लोकलचा प्रवास आणि घरची आजारपणे सांभाळणाऱ्या व्यक्तीला दोनशे पानांपुरते तरी सगळे सुरळीत होईल, अशी हमी हवीशी वाटली तर त्यात कमीपणा नाही.

सणासाठी खास वाचन काढण्याची प्रथाही मराठीला परकी नाही. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून फराळाबरोबर अंक हे समीकरण रुजले. कर्जत येथे १८९४ मध्ये जन्मलेल्या ना. सी. फडके यांनी प्रेमकथेला सफाईदार रूप दिले. मात्र दिवाळीतली प्रेमकथा नेहमीच सोज्ज्वळ नव्हती. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ती अश्लील नसल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. नाताळच्या प्रेमकथेवर असा प्रसंग येणे कठीण, कारण कुणालाही बोचेल असे ती काही ठेवतच नाही.

उणिवा कोणत्या?

तिचे दुबळेपणही त्यातच आहे. एका वाक्याने दूर होईल असा गैरसमज शंभर पाने ताणला जातो. नायिकेची शहरातली नोकरी ही जणू चूकच, आणि ती सोडणे हेच तिचे शहाणपण ठरते. सणाला एकटे राहिलेल्या माणसाला जोडीदार मिळाला तरच कथेत जागा मिळते. शिवाय गावाला पोटापाण्याची चिंता नसते. डिकन्सच्या कथेतही भूतदया आणि हृदयपालट आहेत, पण बॉब क्रॅचिटला आठवड्याला पंधरा शिलिंग पगार मिळतो, हे वाचकाला सांगितले जाते. आजच्या नाताळकथेतून हा पगाराचा आकडा गळाला आहे.

हा फरक समजून घेण्यास रायगडच्या किनाऱ्यावरील कोर्लई उपयोगी पडते. कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला ख्रिस्ती वस्ती आहे आणि माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले, तरी त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली येथे टिकली. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. ती बोलणारे सुमारे हजारभर असून मुलांचे शिक्षण मराठीत होते. येथे सणाला बर्फ पडत नाही. याच दिवसांत जिल्ह्यात वालाच्या शेंगा भरतात आणि भांबुर्ड्याच्या पाल्यात मडके लावून पोपटी भाजली जाते.

या किनाऱ्यावर घडणारी नाताळची प्रेमकथा लिहायची, तर लेखकाला सजावट बाहेरून आणावी लागणार नाही. पण नायिका गावी परतली तर ती कोणत्या कामावर जगेल आणि तिची मुले कोणती भाषा बोलतील, या प्रश्नांना त्याला सामोरे जावे लागेल. त्यांची उत्तरे दिल्यावरही शेवट गोड करता येतो. वाचकाला दिलासा हवा असतो, आणि गावाची खरी ओळख पटल्याने तो उणावत नाही.